परसातल्या तळ्याला आधी फिल्टर, धबधबा मागाहून

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की हल्ली घरोघरी अंगणात माशांची तळी करायचं फॅड आलंय, ही सगळी डासांची आगरं आहेत आणि पंचायतीने ती सरसकट बुजवायला लावावीत. मी ते पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या वाड्यावर डेंग्यू झालाय, घरचं माणूस आजारी पडलंय, त्यांचा राग मला कळतो. पण बुजवा हे काही मला पटलं नाही म्हणून लिहायला बसले. मी बांदोड्याला राहते, शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका आहे, घरामागच्या तळ्याला आता तीन वर्षं होतील, आणि सुरुवातीला त्याच तळ्यात माझ्या हातून पंचवीसच्या वर मासे मेलेत. तेव्हा सांगतेय ते ऐकीव नाही.

आधी डासांचं बोलते. डेंग्यूच्या डासाला तळं लागतच नाही हो, कुंडीखालची बशी, जुना टायर, माडाखाली पडलेली करवंटी, तेवढं पाणी त्याला पुरतं. मासे असलेल्या तळ्यात अळी टिकत नाही कारण अळी हे माशांचं आवडीचं खाणं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला पणजीत मलेरिया वाढला होता ते आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल, त्यानंतर नव्वदच्या दशकात इथेच, गोव्यात, संशोधकांनी आपल्याकडेच सापडणारा अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी नावाचा बोटभरही नसलेला मासा पाण्यात सोडून, जोडीला जंतूंपासून केलेलं अळीनाशक वापरून, मलेरियाच्या डासांवर उपाय करून बघितला. म्हणजे मासे हा उपायच आहे. पण त्या वाचकांचं एक म्हणणं खरं आहे, की पंप जळालेलं, मासे मेलेलं, हिरवंगार होऊन नुसतं पडून राहिलेलं तळं डासांना आयतं मिळतं. मग प्रश्न असा की एवढे पैसे घालून केलेली तळी सहा महिन्यांत अशी मरतात का? माझं उत्तर एकच, लोक धबधबा करतात आणि फिल्टर करत नाहीत.

माझंही तेच झालं. नातवाला मासे आवडतात म्हणून अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद, ८० सेंटिमीटर खोल असं तळं करून घेतलं, म्हणजे बरोबर ३००० लिटर पाणी. काँट्रॅक्टरने चिऱ्यांचं बांधकाम केलं, आतून सिमेंट, एका बाजूला उंच धबधबा, पाण्याखाली रंगीत लाइट. मी फिल्टरचं विचारलं तर म्हणाला, टीचर पाणी फिरतंय ना, मग आणखी कसला फिल्टर. शनिवारी नळाचं पाणी भरलं, सोमवारी २५ गोल्डफिश आणि ५ कोई आणून सोडले. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. नातू रोज शाळेला जायच्या आधी मोजायचा, आज सव्वीस, आज एकोणीस, आज अकरा. शेवटी तीन राहिले. ते मोजणं मी अजून विसरलेले नाही.

नंतर मडगावला माशांचं दुकान चालवणाऱ्या एका मुलाने शांतपणे बसवून समजावलं, ते मी सगळ्यांसाठी लिहिते. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो. हे विष आहे. निसर्गात एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे माशांना बरंच सोसतं आणि झाडांना खत होतं. हे बॅक्टेरिया दगडांवर, मातीवर, खडबडीत कशावरही चिकटून राहतात आणि त्यांना ऑक्सिजनवालं वाहतं पाणी लागतं. आमच्या नागेशीच्या देवळाच्या तळीत मी लहानपणापासून मासे बघत आलेय, तिथे कुठे पंप आहे, पण ती तळी केवढी आणि पाण्याच्या मानाने मासे किती. आपण ३००० लिटरमध्ये तीस मासे घालतो तेव्हा ते बॅक्टेरिया राहतील अशी जागा आपणच करून द्यावी लागते, त्या जागेला फिल्टर म्हणतात, बाकी काही नाही. आणि ती वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन-तीन मासे सोडून सुरुवात करायची, खाणं चिमूटभर, मग हळूहळू वाढवायचं. आम्ही दोन दिवसांत तीस घातले.

वर नवं सिमेंट. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे आंबट) चढतो, आणि पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. आपल्याकडच्या ३० डिग्रीच्या पाण्यात पीएच ७ असेल तर अमोनियाचा शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो, पीएच ९ झाला की चाळीसच्या वर जातो. म्हणून नवं तळं भरायचं, केळीचे खांब तुकडे करून आत टाकायचे, आठवड्याने पाणी काढून टाकायचं, परत भरायचं, असं तीन-चार वेळा, हे आपले जुने मासेवाले करतातच. नळाच्या पाण्यातला क्लोरिनही माशांना आणि त्या बॅक्टेरियांना मारतो. आपल्याला प्यायला तो हवाच, पण तळ्यात घालायच्या आधी पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवावं.

माझा आताचा फिल्टर म्हणजे दोनशे लिटरची दोन निळी पिंपं, भारी काही नाही. धबधब्याच्या समोरच्या टोकाला तळाशी पंप, म्हणजे पाणी अख्ख्या तळ्यातून फिरून येतं, कोपरे कुजत नाहीत. पहिल्या पिंपात पाणी खालून शिरतं, गाळ बसतो, वर जाड स्पंज आणि ब्रश. दुसऱ्यात जुन्या घराची फुटलेली मंगलोरी कौलं, बारीक तुकडे करून धुऊन घातलेली, कारण भाजलेली माती आतून सच्छिद्र असते आणि बॅक्टेरियांना चिकटायला भरपूर जागा मिळते. दुसऱ्या पिंपातून पाणी आपोआप धबधब्याच्या चिऱ्यांवर येतं. तासा-दोन तासांत सगळं पाणी एकदा फिरायला हवं, आणि पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळतो, दीड मीटर चढवलं की तो बराच कमी होतो, तेव्हा दुकानात उंची सांगून पंप घ्या. माझा ४० वॅटचा आहे, दिवसाला साधारण एक युनिट. रात्री बंद करू नका, कितीही वाटलं तरी. रात्री झाडं आणि शेवाळही ऑक्सिजन खातात आणि पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, त्यात एप्रिल-मेमधल्या गरम पाण्यात मुळातच कमी मावतो.

एक चूक परत केली तीही सांगते. पहिल्या चवथीला पाहुणे येणार म्हणून मी दोन्ही पिंपं नळाखाली घासूनपुसून चकाचक केली. आठवडाभर पाणी गढूळ, मासे मलूल. सगळे बॅक्टेरिया मीच धुऊन टाकले होते. स्पंज तळ्याच्याच पाण्यात बादलीत पिळायचा, कौलांना शक्यतो हातच लावायचा नाही.

आणि आपल्या गोव्याची खास गोष्ट. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतलं बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि जरा आंबट असतं, वर चार महिने पाऊस पडतो तोही मऊच. त्या बॅक्टेरियांना काम करताना पाण्यातला क्षार लागतो, तो संपला की पीएच घसरतो आणि ते काम थांबवतात. दुसऱ्या पावसाळ्यात माझं तेच झालं, मासे एका कोपऱ्यात गप्प. मडगावच्या त्याच मुलाने विचारलं, टीचर घरी तिसऱ्या (शिंपल्या) करता ना? तेव्हापासून तिसऱ्यांची आणि खुब्यांची कवचं उकळून, घासून, वाळवून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरते आणि दुसऱ्या पिंपात ठेवते. कवच म्हणजे चुन्याचंच, पाणी आंबट झालं की थोडं थोडं विरघळतं. पीएच आता ७ च्या आसपास राहतो. मला या पिशवीचं जितकं कौतुक आहे तितकं कुठल्याच मशीनचं नाही.

धबधब्याचं म्हणाल तर उंच नको, रुंद करा. उंचावरून धार पडली की शिंतोडे बाहेर जातात, रोज बादलीभर पाणी कमी होतं आणि मेमध्ये टँकरची वाट बघत बसलेल्या गावात ते बरं दिसत नाही. दीड फुटावरून पातळ पडद्यासारखं पाणी पडलं की ऑक्सिजनही मिसळतो आणि आवाजही गोड येतो. चिरा सच्छिद्र असतो, धबधब्याच्या मागून पाणी पाझरतं, तिथेही खाली शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालून घ्या. शेजारी वेखंड, कर्दळ, अळू लावा, मुळं पाण्यात, नायट्रेट तीच खातात. मी आठवड्याला ३०० लिटर पाणी बदलते आणि ते सगळं माडांना जातं, फुकट काहीच जात नाही.

पावसाची तयारी मृगाच्या आधी व्हायला हवी. तळ्याचा काठ जमिनीपासून निदान सहा इंच वर, नाहीतर अंगणातलं तांबडं पाणी आत येतं. जादा पाणी जायच्या पाइपला बारीक जाळी. विजेसाठी ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, बसवल्याशिवाय पंप पाण्यात घालूच नका, हे मी हात जोडून सांगते, पोरं पाण्यात हात घालतात. लहान मूल असेल तर वर लोखंडी जाळीही हवी. जूनमध्ये लाइट पाच-सहा तास गेली तर पिंपात अडकलेलं पाणी आधी झाडांना सोडा, मगच पंप सुरू करा, ते पाणी ऑक्सिजन संपून नासलेलं असतं.

पाइपच्या जाळीचं मी मुद्दाम लिहिलंय, आपले मासे बाहेर व्हाळात जाऊ नयेत म्हणून. आमच्या जवळच एकांनी तळं कंटाळून बंद केलं आणि सगळे मासे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडले, पुण्य म्हणून. त्यात तो टाकी साफ करतो म्हणून विकतात तो काळा सकर मासाही होता. तो फूट-दीड फूट वाढतो, काठात बिळं करतो, कोणी खात नाही, आणि त्या व्हाळातले आपले छोटे मासे जे डासांच्या अळ्या खात होते त्यांच्या वाट्याचं सगळं संपवतो. परदेशी मांगूर मासा तर देशात २००० सालापासून बंद आहे, तरी कुठे कुठे मिळतो म्हणे, तो कृपा करून घेऊ नका. जलपर्णी सुंदर दिसते म्हणून तळ्यात घालतात आणि वाढली की बाहेर टाकतात, आपल्या तळ्यांची तिने काय अवस्था केलीय ती सगळ्यांनी बघितलीय. तळं नको असेल तर मासे दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या तळेवाल्याला द्या, पण व्हाळात, नदीत, देवळाच्या तळीत सोडू नका.

तेव्हा पंचायतीला माझी विनंती आहे की पावसाळ्याच्या आधी माणसं पाठवाल तेव्हा तळं आहे का एवढंच लिहून घेऊ नका, टॉर्च मारून पाण्यात अळ्या आहेत का, मासे आहेत का, पंप चालू आहे का ते बघा. तळं मेलेलं असेल तर जरूर नोटीस द्या. आणि संपादक साहेब, मेच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही या विषयावर अर्धं पान द्या, घरच्या बायकांना कळेल अशा भाषेत, कारण तळ्याची हौस कोणाचीही असो, रोज खाणं घालायला आणि पाणी बघायला त्याच असतात.

माझ्याकडे आता नऊ गोल्डफिश आहेत, त्यातले तीन पहिल्या वेळचे वाचलेले. अजून तीन-चार माशांची जागा आहे. कोणाला तळं बंद करायचंय आणि मासे कुठे द्यायचे कळत नसेल तर तुमच्या ऑफिसात चिठ्ठी ठेवावी, मी येऊन घेऊन जाईन, पिशवी आणि पाणी माझंच आणेन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, बांदोडा, फोंडा