क्रॉलर गाडी : आधी सेटअप करा, मग खर्च

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत सुट्टीतल्या छंदांवर लेख आला होता, त्यात रिमोटच्या गाड्यांना दोनच ओळी मिळाल्या अन् त्याही अशा की महागाची खेळणी, चार दिवसात मोडतात. पळणाऱ्या गाड्यांचं एकवेळ मान्य करू, पण रॉक क्रॉलर हा प्रकारच वेगळा आहे म्हणून हे पत्र लिहितोय. ही पळायची गाडी नाहीच, चढायची गाडी आहे, माणसाच्या चालीनं खडकावर चाक टेकवत टेकवत जाते आणि ती चढेल का नाही हे पैशापेक्षा तुम्ही ती कशी बसवली यावर जास्त ठरतं.

आमच्याकडची पोरं काय करतात, गाडी घेतली की लगेच मोठी मोटर शोधायला लागतात. अहो मोटरचं काम सगळ्यात शेवटी! आधी वजन बघा. चढावर गाडीचं वजन आपोआप मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात अन् गाडी पाठीवर पडते, त्यामुळं वजन खाली पाहिजे आणि पुढं जास्त पाहिजे, सपाटीवर साधारण साठ टक्के पुढच्या चाकांवर आलं की फरक लगेच दिसतो. बॅटरी पुढं सरकवा, टपावरचं कॅरियर अन् शोभेचे डबे काढून टाका. व्हील बॅलन्सिंगवाल्याकडं पाच-दहा ग्रॅमचे चिकटवायचे तुकडे मिळतात ते पुढच्या रिमच्या आतून गोल लावा, चाकातलं वजन स्प्रिंगवर येत नाही म्हणून सस्पेन्शन बिघडत नाही. मात्र अति करू नका, जड चाकं वळवताना सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, दमतो.

मग टायर. यात हवा भरत नाहीत, आत फोम असतो, आणि टायरला किंवा रिमला बारीक भोक नसेल तर आतली हवा कोंडते अन् टायर दगडावर पसरतच नाही. भोक पाडून बघा, तोच टायर दगडाला धरून बसतो. स्प्रिंग मऊ ठेवा, गाडी उभी असताना शॉक (स्प्रिंगचा दांडा) थोडा दबलेला असला पाहिजे म्हणजे खड्ड्यात चाक खाली लोंबून जमीन धरतं. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरमध्ये ड्रॅग ब्रेक शंभर टक्के करा, बोट सोडलं की गाडी उतारावर जागेवर थांबली पाहिजे. एवढं झाल्यावर गाडी चारही चाकांवर, फळीच्या लांबीला आडवी उभी करा, फळीची एक बाजू हळूहळू उचला, कितव्या अंशाला कलंडते ते मोबाईलच्या अँगल ॲपवर बघून वहीत लिहा, मग एकच बदल करा अन् परत मोजा. वजन बदलून, स्प्रिंग बदलून, बॅटरी हलवून लेकरू गुरुत्वमध्य हाताने शिकतं, पुस्तकात तीच आकृती बघून पाठ होते पण कळत नाही.

मोटर घ्यायचीच तर ३५ ते ५५ टर्नची ब्रश्ड बघा, टर्न म्हणजे मोटरच्या आतल्या तारेचे वेढे, ते जास्त तर मोटर फिरते हळू अन् सावकाश चालवताना ताबा चांगला.

खर्चाचं म्हणाल तर खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली अन् २०२३ मध्ये ७०, त्यामुळं वजनासाठी लावायचे बाहेरचे पितळी पार्ट परवडत नाहीत हे खरं. पण आपल्याकडं वाळूज, चिकलठाण्यात लेथवर बसणारी माणसं कमी आहेत का? पितळेच्या रिंगा, स्पेसर कोणताही चांगला टर्नर काढून देतो, फक्त माप नीट काढून न्यायचं. आयटीआय अन् पॉलिटेक्निकवाल्यांनी हाच प्रोजेक्ट म्हणून द्यावा असं मला मनापासून वाटतं, गिअर, डिफरेन्शियल, चाकांचा आस धरणाऱ्या लिंक, सगळं एका टेबलावर उघडं दिसतं.

आणि खडक तर आपल्याला फुकट आहे. संभाजीनगरभोवती काळा बेसाल्ट, बीड-धाराशिवकडं बालाघाटाचे उतार, देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट, प्रत्येक ठिकाणी टायर वेगळा वागतो. सुट्या मुरमावर घसरतो, काळ्या मातीत चिखलानं भरून जातो. पण देवगिरी किल्ला, लेण्यांच्या पायऱ्या असल्या संरक्षित जागी गाड्या अजिबात नेऊ नका, पोरांना हे आधीच सांगा.

एक विनंती, पुरवणीत यावर परत लिहिलंत तर या गाड्यांतल्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल ठळक छापा. एका सेलला पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास, चालवताना ३.२ च्या खाली नको. फुगलेली बॅटरी परत चार्जला लावू नये, चार्ज होताना घरात मोठं माणूस जवळ असावं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या कारमध्ये तर ती ठेवूच नये.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर