हॉल कुठंय, या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई-बाबा,

परवा फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. घराचे फोटो पाहून आई म्हणाली, "छान आहे गं, पण हॉल कुठंय?" आणि बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त धास्ती वाटते. मग मी चिडले, आई चिडली आणि हॉलचं उत्तर राहूनच गेलं. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

आई, हॉल दुसऱ्या फोटोत आहे. तुला तो पॅसेज वाटला असणार. तो एवढासा आहे, कारण आधीच्या मालकांनी त्यातलीच जागा घेऊन एक छोटी खोली काढलीय, दोन मीटर बाय अडीच. तू जिला "ती अडगळीची खोली" म्हणालीस ना, ती. खरं सांगू? त्या अडगळीच्या खोलीसाठीच आम्ही हे घर घेतोय. तिला दार आहे.

२०२० साली आम्ही दोघं घरून काम करत होतो तेव्हाची गोष्ट तुम्हाला कधी नीट सांगितली नाही. एक जण पलंगावर उशीला टेकून, दुसरी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभी. त्याची मीटिंग सुरू झाली की मी भांडं खाली ठेवतानासुद्धा श्वास रोखायची. आता ऑफिस आठवड्यातले तीन दिवस असतं, दोन दिवस घर. ते दोन दिवस पाहुण्यांसाठी सजवलेल्या मोठ्या हॉलचा काही उपयोग नाही. बंद होणारं एक दार मात्र हवंच. माझ्या ओळखीत घर शोधणारं कुणीही भेटलं की चार वाक्यांत "काम करायला वेगळी जागा आहे का" हे येतंच. मोबाइलची रेंजही प्रत्येक खोलीत जाऊन बघतात. आम्हीही बघितली.

आठ महिन्यांत २३ घरं पाहिली. सुरुवातीला आम्हीही खोल्या आणि चौरस फूटच मोजत होतो. मग फोटोंवरचा विश्वास उडाला. रुंद लेन्सच्या फोटोत पलंगाभोवती फेर धरता येईलसं वाटतं, प्रत्यक्षात कपाटाचं दार उघडलं की पलंगावर आपटतं. तेव्हापासून पर्समध्ये टेप असते. एक घर आम्हाला फार आवडलं होतं, पण दाखवणारा गृहस्थ प्रत्येक वेळी दुपारी बाराचीच वेळ द्यायचा. शेवटी आम्हीच एका रात्री दहाला जाऊन खाली उभे राहिलो. समोरच्या वळणावर अवजड गाड्या गिअर बदलत होत्या, एकामागून एक. न बोलता परत आलो.

आणि आई, ओल कशी ओळखायची हे मी तुझ्याकडूनच शिकलेय. सगळी खोली जुनी आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की मी खाली वाकून कोपरे बघते. एका घरात कपाटामागे भिंतीला लोणा, म्हणजे ओलीमुळे येणारा खार, धरला होता, बोटाला पांढरी भुकटी लागली. दाखवणारे म्हणाले, रंगाचे कण आहेत. मी म्हटलं, बरं. या घरात तसं काही दिसलं नाही. सगळे नळ एकदम सोडून बघितले, फ्लश ओढला, धार बारीक झाली नाही. समोरासमोर खिडक्या आहेत, वारा आरपार जातो. निजायच्या खोलीची खिडकी मात्र पश्चिमेला आहे, हा दोष कबूल. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही, बाहेरून काहीतरी आडोसा करावा लागेल.

बाबा, तुम्ही मागे म्हणाला होतात की जरा लांब गेलं तर याच पैशांत दुप्पट जागा येते. येते. पण तिथून ऑफिसला सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. आम्ही रोज जाणारे असतो आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर ५५० तास, म्हणजे जवळजवळ २३ दिवस-रात्री प्रवासात. आमच्या आठवड्याच्या तीन दिवसांतही ते काही थोडं नाही. इथून मी चालत वीस मिनिटांत पोचते. गाडी घ्यायचा विचार त्यामुळे लांबणीवर पडलाय. पोहण्याचा तलाव आणि क्लबहाउसवाल्या सोसायट्याही पाहिल्या. तलावात त्या वेळी कुणीच नव्हतं, त्याचा देखभाल खर्च मात्र दर महिन्याला सगळ्यांच्या डोक्यावर.

आता तुम्ही न बोललेल्या गोष्टीबद्दल. कर्ज. मी हप्त्यांचा तक्ता स्वतः काढला, तुम्ही शिकवलंत तसा, ओळीने. ९ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर घेतलेल्या दर शंभरामागे एकूण २१६ परत करावे लागतात. पहिल्या हप्त्यातले सहापैकी पाच भाग निव्वळ व्याज. सगळ्यात धक्का याचा बसला की निम्मं मुद्दल फिटायलाच १४ वर्षं लागतात. तो आकडा बघून मी रात्री पाणी प्यायला उठले होते. म्हणून बँक जेवढं द्यायला तयार होती, त्याच्या बऱ्याच आत राहिलो. घर लहान आहे त्याचं मोठं कारण हेच आहे, आमची आवड नंतर. वर्षाला एक हप्ता जादा भरला आणि दर तोच राहिला, तर साडेतीन वर्षं आधी सुटका होते. जमेल असं वाटतं. एकाची नोकरी गेली तरी सहा महिने हप्ते भरता येतील एवढी रक्कम बाजूला ठेवलीय, तिला हात लावलेला नाही.

भाड्यानेच का राहत नाही, असं आता विचारू नका. नऊ वर्षांत सहा घरं बदलली. सहाही ठिकाणी "खिळा ठोकायचा नाही".

अजून एक गोष्ट, आणि यावर रागावायचं नाही. लिफ्ट मजल्यावरच थांबते, अर्ध्या जिन्यावर नाही. हे तपासायचं असतं हे मला आधी माहीत नव्हतं, चौथ्या घरात सहा पायऱ्या चढून दाराशी जावं लागलं तेव्हा आई, तुझे गुडघे आठवले. या घराच्या बाथरूमचं दार ७० सेंटीमीटर आहे. चाकाची खुर्ची आत जायची तर निदान ८० लागतात. गवंड्याला विचारलं, ती भिंत भार घेणारी नाही, दार वाढवता येईल. उंबराही काढून टाकतोय. तुम्हाला आत्ता त्याची काहीही गरज नाही, माहितीय मला. पण फरशी एकदाच फुटते, तेव्हाच करून घेतलेलं बरं.

त्या छोट्या खोलीत एका भिंतीला पलंग बसतो, मोजून पाहिलाय. तुम्ही आलात की माझं टेबल घडी होऊन बाहेर. समोरच्या भिंतीवर १ मीटर १० सेंटीमीटर जागा उरते. बाबा, तुमचं पुस्तकांचं जुनं कपाट किती रुंद आहे, तेवढं मोजून कळवाल? टेप आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. कपाटाची वरची पट्टी बाहेर येते, तीसुद्धा धरून मोजा.

तुमची,
धाकटी