पीआरपीचं विचारलंस म्हणून

प्रिय मेधा,

"पीआरपी करून घेऊ का? हो की नाही, एवढंच सांग," असं लिहिलंयस. पीआरपी, म्हणजे केसांसाठी आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग टाळूत टोचून घेणं. तेवढ्या उत्तरावर भागणार असतं तर फोनच केला असता.

आधी मला सांग, केस गळतायत की विरळ होतायत? तुझं ऑपरेशन होऊन तीनेक महिने झाले. अशा धक्क्यानंतर, तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतात. घाबरायला होतं, पण कारण एकदाच घडून गेलेलं असेल तर ही गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपसूक थांबते. त्यासाठी डोक्यात सुया कशाला टोचून घ्यायच्या? माझं तसं नव्हतं. माझा भांग हळूहळू रुंद होत गेला, कपाळावरची केसांची रेषा मात्र जागच्या जागी. याला फीमेल पॅटर्न हेअर लॉस म्हणतात, आणि पीआरपीचा उपयोग झालाच तर प्रामुख्याने इथे होतो. टाळूवर व्रण धरून मुळंच मेली असतील, तर तिथे नवा केस उगवत नाही.

म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना टाळू दाखव. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घे. लोह कमी असेल तर ते आधी भरून काढायला हवं. ही पायरी गाळून थेट पॅकेजचा कागद पुढे करणाऱ्या क्लिनिकमधून सरळ उठून ये.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. हातातून रक्त घेतात, नेहमीच्या तपासणीपेक्षा थोडं जास्त. ती नळी यंत्रात गरागरा फिरवतात. बाहेर येते तेव्हा तळाला गडद लाल, वर पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, आणि मधे पांढुरकी पातळ रेघ. प्लेटलेट्स त्या रेघेत आणि तिच्या लगतच्या प्लाझ्मात असतात. तोच भाग काढून टाळूत टोचतात. त्यातले वाढीचे घटक केसांच्या मुळांना चालना देतात, असा यामागचा विचार. नळीवर तुझं नाव आहे ना, बघ. सुई तुझ्यासमोर उघडायला सांग, संकोच करू नकोस.

दुखतं. बधिर करणारं क्रीम लावूनसुद्धा कपाळाजवळच्या टोचण्यांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर डोकं जड, कपाळ जरा सुजलेलं, एक-दोन दिवसांत ठीक. आधीचे काही दिवस अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बहुधा बंद ठेवायला सांगतात. पण हृदयासाठी किंवा रक्त पातळ करायला चालू असलेली गोळी मनाने बंद करायची नाही. प्लेटलेट्स कमी असतील किंवा टाळूला संसर्ग असेल, तर हा विषयच नको.

फायदा? माझी गळती कमी झाली, भांगाशी बारीक केस आले. दाट वेणी काही परत आली नाही. साधारण महिन्याच्या अंतराने तीन वेळा करतात, पुढे दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा. सोडलं की परिणाम ओसरतो. शिवाय किती रक्त, किती वेळ फिरवायचं, याची सगळीकडे एकच पद्धत नाही, त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लागू पडेलच असं नाही. मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधामागचा पुरावा जास्त पक्का आहे. तेही चालू ठेवावंच लागतं, सुरुवातीला गळती वाढल्यासारखी वाटते आणि गरोदरपणात ते चालत नाही. मी दोन्ही करते, म्हणून श्रेय नेमकं कुणाचं ते मलाही सांगता येणार नाही!

तुझ्या बाबतीत माझं मत 'आत्ता नको' असं आहे. रिपोर्ट आले की पाठव, आणि भांगाचा फोटोही, दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात काढलेला. रोज आरशात निरखत बसू नकोस.

तुझी,
अनू