धर्मशाळा बिनकामाची कधी होती?

मा. संपादक,

नगर रोडला शिरूरच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथल्या जुन्या धर्मशाळेबद्दल लिहितोय. परवा ग्रामसभेत विषय निघाला की इमारत पडकी आहे, बिनकामाची आहे, पाडून गाळे काढू. पडकी आहे हे मान्य, मागच्या भिंतीला तर हात लावायची भीती वाटते, पण बिनकामाची म्हटल्यावर राहवलं नाही.

आजोबा सांगायचे, बैलगाडीच्या काळात पुण्याला निघालेला माणूस इथं मुक्कामाला थांबायचाच, ओसरीवर तीन दगड मांडून पिठलं टाकायचं, बरोबरची भाकरी सोडायची आणि पहाटे गाड्या जुंपायच्या. कोनाड्यातली काजळी दोनदा चुना मारून पण वर आलीय. जोत्याला बैल बांधायच्या लोखंडी कड्या आहेत, त्यातल्या एकीला समोरचा पोरगा रोज रात्री मोटारसायकल साखळीनं बांधतो!

आता धर्मशाळा सगळ्यांची असं म्हणायची पद्धत, पण अस्पृश्यांना तिथं टेकू देत नव्हते हेही आजोबांनीच सांगितलेलं. मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करायचा सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, त्यात सरकारी पैशातल्या विहिरी, पाणवठ्यांबरोबर धर्मशाळासुद्धा होत्या. महाडमुळे पाणवठ्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, धर्मशाळेचं कोणी बोलत नाही. आणि ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी दारं उघडली असंही काही झालं नाही.

मग १ जून १९४८ ला पहिली एसटी सुटली ती पुणे-नगर, आमच्याच रस्त्यानं. हळूहळू माणूस सकाळी पुण्याला जाऊन संध्याकाळी घरी यायला लागला, मुक्काम कोण करतो. म्हणून धर्मशाळा रिकामी पडली म्हणाल तर ते पण नाही, ओसरीवर शाळेचे दोन वर्ग भरले, मग आतल्या खोलीत रेशनचं दुकान आलं. ७२ च्या दुष्काळात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, पोती इथंच उतरायची आणि आम्ही पोरं सुकडीसाठी, म्हणजे दुष्काळात वाटायचे त्या पौष्टिक खाऊसाठी, ताटल्या घेऊन याच पायऱ्यांवर बसायचो, कधी कधी दुपारपर्यंत. पुढं बालवाडी, मतदान केंद्र, मंडळाचं सामान, काय काय झालं. आता शिर्डीला पायी निघालेली पालखीतली माणसं दुपारी इथं पाठ टेकतात, म्हणजे फिरून पहिलंच काम की.

गाळे हवेत तर बाजारतळाशेजारी पंचायतीची जागा मोकळी पडलीय, तिथं काढा ना. इथं पावसाळ्याच्या आत मागची भिंत उतरवून त्याच दगडात परत रचा, पत्रे बदला. आणि दारावर जो शिलालेख आहे त्यावर कुणीतरी ऑइलपेंटनं मतदान केंद्राचा नंबर लिहून ठेवलाय, तेवढा खरवडून काढा. पीठ चोळून बघितलं तर कडेची चार-पाच अक्षरं लागतात, पण बांधणाऱ्याचं नाव नेमकं त्या रंगाखाली गेलंय.

– एक वाचक, ता. शिरूर