सौदा चिठ्ठीत ओलाव्याचा रकाना हवा

संपादक महोदय,

सोयाबीनची आवक वाढली की लातूरचे व्यापारी आणि बाहेरचे तेल कारखाने यांच्यात तोच वाद पेटतो. सौदा फोनवर ‘10-2-2’ असा ठरतो: ओलावा 10 टक्के, डागी दाणे 2, माती-काडीकचरा 2. माल भरताना मीटर 10 दाखवते, कारखान्याच्या दारात 11.5. तेवढीच घट कापली तरी 25 टनांच्या ट्रकमागे पावणेचार क्विंटल गेले!

1930 च्या वस्तुविक्री कायद्यानुसार माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सर्वसाधारणपणे तो खरेदीदाराला पोचला असे धरतात. पण माल तपासण्याचा हक्कही खरेदीदाराला आहे. म्हणून वजन आणि ओलावा कुठला अंतिम, भरतानाचा की उतरवतानाचा, हे आधी लिहिलेच पाहिजे. भरतानाच वरच्या, मधल्या, खालच्या पोत्यांतला नमुना मिसळून तीन हवाबंद पिशव्या दोघांच्या सहीने सील कराव्यात. एक दलालाकडे राहावी. कापडी पिशवीत ओलावा बदलतो, मग त्या नमुन्याला काही अर्थ उरत नाही.

वाटेत माल भिजला तर 2007 च्या ‘कॅरेज बाय रोड’ कायद्याप्रमाणे वाहतूकदाराला माल बुक केल्यापासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावाच लावता येत नाही. कारखान्याशी पत्रापत्रीत तेवढे दिवस सहज जातात.

बाजार समितीने दलालांना छापील सौदा चिठ्ठी सक्तीची करावी आणि वजन, ओलावा, नमुना यांचे रकाने त्यात ठेवावेत.

– एक धान्य व्यापारी, लातूर