सिसच्या पासवर्डबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

विषय: आपल्या सपोर्ट टीमने डीबीए (डेटाबेस प्रशासक) खाते सामाईक वापरण्याबाबत

महोदय,

आपली पगाराची प्रणाली आम्ही चार वर्षे वापरत आहोत. प्रणाली बरी चालते. तक्रार आहे ती तिच्याखालच्या ओरॅकल डेटाबेसमध्ये आपली माणसे ज्या दाराने शिरतात त्याबद्दल.

गेल्या महिन्यात पगाराच्या आदल्या रात्री कपातीच्या टेबलातल्या ४१२ नोंदी बदलल्या गेल्या. सकाळी बेरीज जुळेना, तेव्हा कळले. सिस हे ओरॅकलचे सर्वाधिकारी खाते; त्याच्या कामांचे ऑडिट, म्हणजे कुणी काय केले याची नोंद, आम्ही चालू ठेवले होते, म्हणून फाइली तरी काढता आल्या. प्रत्येक नोंदीत डेटाबेस युजर सिस, क्लायंट युजर 'सपोर्ट', टर्मिनल तेच एक. आपले सगळे इंजिनिअर एकाच मशीनवरून, एकाच पासवर्डने, सिसडीबीए म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकारांनिशी, आत येतात. मग अपडेट कुणी मारला हे ओळखायचे कसे?

आमच्या तक्रारीच्या तिकिटावर आपले उत्तर आले: 'आमच्याकडून असे झालेले नाही.' नसेलही. पण हे आपण कशाच्या आधारे म्हणता? आमच्याकडे जी फाइल आहे, तीच आपल्याकडे आहे.

त्याच दिवशी आम्ही सिसचा पासवर्ड बदलला. तासाभरात आपला फोन, 'रात्रीच्या स्क्रिप्ट पडतायत.' उघडून पाहिल्या, तर पाचही स्क्रिप्टमध्ये जुना पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला. इन्स्टॉलेशनच्या दिवशी ठेवलेला, तोच. या चार वर्षांत आपल्याकडून किती जण नोकरी सोडून गेले, ते आपणच मोजा.

बॅकअपला सिस लागतोच, असे आपले इंजिनिअर म्हणतात. ओरॅकलची १२सी आवृत्ती २०१३ मध्ये आली, तेव्हापासून सिसबॅकअप हा वेगळा अधिकार आहे. त्यावर आरमॅन हे ओरॅकलचे बॅकअपचे साधन चालते आणि कुणाचा पगार वाचता येत नाही.

दुसरे म्हणणे असे की प्रणालीच्या खात्याला डीबीए रोल, म्हणजे जवळपास सगळ्या अधिकारांचा संच, नसेल तर ती चालणारच नाही. आम्ही टेस्ट सर्व्हरवर तो रोल काढून घेतला, लागतील तेवढ्या ग्रँट (सुट्या परवानग्या) दिल्या आणि तीन दिवस सगळे चालवून पाहिले. अडला एकच रिपोर्ट, लॉगिन असलेल्या युजरांची यादी दाखवणारा. त्याला सेशनचा व्ह्यू वाचायची परवानगी हवी होती. एका ग्रँटचे काम! त्यासाठी चार वर्षे घराच्या सगळ्या किल्ल्या?

आता आम्हाला हवे ते असे. आपल्या प्रत्येक इंजिनिअरला त्याच्या नावाचे खाते; ते एरवी लॉक, तिकीट मंजूर झाले की तेवढ्या वेळेपुरते उघडे. प्रणालीच्या खात्याचा डीबीए रोल काढलेला. सिसचा पासवर्ड आमच्याकडे सीलबंद राहील आणि पॅच (दुरुस्तीची भर) बसवायच्या वेळी आमचा माणूस शेजारी बसून तो टाकेल. ऑडिटच्या फाइली आम्ही दुसऱ्या सर्व्हरवर हलवल्याच आहेत. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच हाताला त्या लागू नयेत म्हणून.

लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. तोवर आपला रिमोट ॲक्सेस बंद आहे. देखभाल कराराचा पुढचा हप्ताही आम्ही तूर्त थांबवला आहे.

कळावे,
आयटी विभागप्रमुख

सोबत: ऑडिट फाइलींच्या प्रती, टेस्ट सर्व्हरवरील ग्रँटची यादी