गुपचुप तोंडात जाईना तेव्हा कळलं

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर चेहरा उजळवायचे उपाय आले की आमच्या घरी ते पान कापून ठेवतात, म्हणून हे पत्र तुम्हालाच.

माझा मेव्हणा, वय ३४, पक्का नागपुरी, सावजी रस्सा खाताना घाम पुसत पुसत परत वाढून घेणारा. मागच्या वर्षी एकदम म्हणायला लागला, "नको भाऊजी, आजकाल जाम झोंबते." आम्ही सगळे हसलो, म्हातारा झाला म्हणून चिडवलं. मग एकदा सक्करदऱ्याला गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला उभे होतो तर हा पुरी हातातच फोडून तुकडे तुकडे तोंडात सारत होता, पाणी सगळं कोपरापर्यंत ओघळलेलं. काहून रे, विचारलं तर म्हणे तोंडच पुरतं उघडत नाही. दिवसाला चार-पाच खर्रे, सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटलेले, बारा वर्षांपासून. दाताच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून मला दाखवलं, गालाची आतली बाजू गुलाबी असायला पाहिजे ती पांढुरकी पडलेली, आणि बोट फिरवलं की आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात म्हणाले. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाची आतली कातडी कडक होत जाणं. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

म्हणजे झोंबणं हीच खूण होती आणि आम्ही त्याच्यावर हसत बसलो ना! आणि हे तंबाखूमुळेच होतं असं नाही, मुळात सुपारीचं काम आहे, 'मी तर साधी सुपारीच खातो' म्हणणाऱ्यांनी ऐकावं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलंय. घरच्या घरी बघायचं तर आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघा. पांढरा डाग पुसून निघत नसेल किंवा तोंडातला छाला दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तरी दाखवायचं, दुखायची वाट पाहायची नाही.

अंगावरच्या चट्ट्याचं तर उलटंच आहे, जो खाजवत नाही, दुखत नाही त्याच्याकडे कोणी बघतच नाही. फिकट किंवा तांबूस चट्टा, तिथे गरम-गार कळत नाही, मे महिन्यात बाकी अंग निथळतंय आणि तेवढी जागा कोरडी, तर तो कुष्ठरोग असू शकतो. आनंदवन इथून जवळ असूनही हे आपल्याला माहीत नाही याचं मला नवल वाटतं. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. आणि गजकर्णावर औषधाच्या दुकानातून न विचारता स्टेरॉइडची ट्यूब आणून चोपडणारे माझ्यासारखे पण आहेतच, दोन दिवसांत खाज थांबते, मग ते दुप्पट पसरतं आणि गोल कडा पुसट होऊन डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही. बायको तर खोलगट, चमच्यासारखी झालेली नखं नेलपेंटखाली झाकायची, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८ निघालं, म्हणजे अंगात रक्तच कमी.

तर साहेब, विनंती एवढीच. खर्र्याच्या बातमीसोबत तुम्ही सडलेल्या जबड्याचा फोटो छापता, तो बघून माणूस पान उलटतो आणि म्हणतो आपलं एवढं कुठे झालंय. सुरुवातीचे फोटो छापा ना, रविवारी, रंगीत. आणि आपल्या सावळ्या कातडीचे छापा बाप्पा, नेटवर सगळे गोऱ्या लोकांचे असतात, त्यांचं लालबुंद दिसतं ते आपल्याकडे जांभळट नाहीतर तपकिरी दिसतं, कसं ओळखणार?

मेव्हण्याच्या तोंडात सध्या दोनच बोटं जातात, तिसरं अडतं. तुम्हाला फोटो पाहिजे असेल तर तो द्यायला तयार आहे, मी विचारून ठेवलंय.

आपला एक वाचक,
नंदनवन, नागपूर